बांबू झाड की गवत?

गडचिरोली म्हटलं की आपल्याला नक्षलवादच आठवतो. मला मात्र धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) आठवतं. छोटंसं गोंड गाव. भोवती बांबूचं जंगल, पिढ्यानपिढ्या वावरातलं. पण इंग्रजांनी केलेले वन कायदे स्वातंत्र्यानंतरही तसेच राहिले, आणि बांबू तोडायचा हक्क मिळाला कागद कारखान्याला!

२००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. झालं? छे हो! बांबू विकायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो देणार वनखातं. खात्याचं म्हणणं, बांबू हे झाड आहे. नव्या कायद्यात तर तो गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. माझ्या मते हक्क खरा परत मिळाला तो त्या दिवशी.

या ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतात. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा चर्चा. आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये जमेल का हो हे?