रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती : विमाने व मोटारी (वऱ्हाडच्या विशेष संदर्भासह)

जीत मनुष्य बसत नाही, परंतु जी खऱ्या विमानाच्या अथवा मोटारीच्या शास्त्रानेच चालते आणि जमिनीवर उभ्या असलेल्या चालकाच्या हातातील ट्रान्समीटरमधून निघणाऱ्या रेडिओतरंगांच्या आज्ञेत राहते, अशी लहान प्रतिकृती बांधणे, तिचा तोल साधणे आणि ती उडविणे किंवा पळविणे या छंदाचा येथे विचार केला आहे. विमानांच्या बाबतीत एरोमॉडेलिंग आणि मोटारींच्या बाबतीत आरसी कार ही नावे मराठी मुलखात रूढ आहेत. तयार संच विकत घेऊन चालविणारेही स्वतःला या छंदाचे उपासक म्हणवितात आणि त्यांना तो अधिकार नाही असे नाही. तथापि या छंदाचे सत्त्व बांधणीत आहे, आणि ज्याने पंखाची एकेक फासळी आपल्या हाताने कापून चिकटविली आहे त्यालाच विमान हवेत का राहते याचा खरा उमज पडतो, ही धारणा धरून पुढील विवेचन केले आहे.

प्रतिकृती ही मूळ वस्तूनंतर येते असा सामान्य समज असला, तरी विमानाच्या बाबतीत क्रम उलटा आहे. मनुष्य उडण्याच्या कितीतरी आधी प्रतिकृती उडत होत्या. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८०४ मध्ये स्थिर पंख व शेपूट असलेले लहान ग्लायडर उडविले. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्विलरी उद्यानात पिळलेल्या रबराच्या शक्तीवर चालणारे आपले ‘प्लॅनोफोर’ सुमारे ११ सेकंदांत ५५ मीटर नेऊन विमान स्वतःच्या घडणीनेच स्थिर राहू शकते हे सिद्ध केले. आणि अमेरिकेच्या सॅम्युअल लँग्ली यांचे वाफेच्या इंजिनाचे मनुष्यरहित विमान ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवरून सुमारे एक किलोमीटर गेले. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर मनुष्यरहित विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. परंतु तिला समकालीन विश्वसनीय पुराव्याचे पाठबळ नसल्यामुळे तिची गणना इतिहासात करता येत नाही.

दुरून नियंत्रणाची कल्पना प्रथम पाण्यावर अवतरली. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथे रेडिओतरंगांनी चालणारी लहान नौका लोकांपुढे चालवून दाखविली. विमानाला ही विद्या लाभण्यास पुढे चाळीसएक वर्षे लागली. वॉल्टर व विल्यम गुड या अमेरिकी जुळ्या भावांनी १९३७ मध्ये सिद्ध केलेले, आठ फूट पंखविस्ताराचे ‘गफ’ हे या परंपरेतील आद्य यशस्वी विमानांपैकी एक मानले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर लहान इंजिने आणि पुढे ट्रान्झिस्टर सुलभ झाल्यावर हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. याच परंपरेतील मेनार्ड हिल यांनी, दृष्टी जवळजवळ गेलेली असतानाही, बाल्सा लाकडाचे पाच किलोग्रॅमपेक्षा हलके विमान सहकाऱ्यांच्या साहाय्याने बांधले आणि ऑगस्ट २००३ मध्ये ते अटलांटिक महासागर ओलांडून ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरविले. या छंदाला पोरखेळ समजणाऱ्यांनी ही हकिकत अवश्य ध्यानात घ्यावी.

भारतात या विद्येचा प्रसार करण्याचे श्रेय मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेला, म्हणजे एनसीसीला, द्यावे लागते. १९४८ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या संघटनेत १९५० मध्ये वायुशाखेची भर पडली आणि तिच्या शिक्षणक्रमात एरोमॉडेलिंगला स्थान मिळाले. वायुसैनिक शिबिरातील स्पर्धांतही त्याचा अंतर्भाव असतो. विदर्भापुरते पाहता वायुशाखेचे पथक, दोन महाराष्ट्र एअर स्क्वाड्रन, नागपुरास आहे. छात्राने आधी न उडणारी शोभेची प्रतिकृती घासूनपुसून तयार करावी, मग हाताने फेकण्याचे चक ग्लायडर करावे, त्यानंतर दोऱ्यांवरचे ‘कंट्रोल लाइन’ विमान हाती घ्यावे आणि सरतेशेवटी रेडिओकडे वळावे, असा हा क्रम असतो. कंट्रोल लाइन विमान पंधरा-सोळा मीटर लांबीच्या दोन पोलादी तारांच्या टोकाशी चालकाभोवती वर्तुळात फिरते आणि मुठीतील दांडीच्या हालचालीने वर-खाली होते. रेडिओची सामग्री महाग व दुर्मिळ होती त्या काळात अनेक छात्रांची उडविण्याची हौस या तारांवरच भागत असे. त्यासाठी कलकत्त्यात तयार होणारी ‘अरोरा’ छापाची लहान इंजिने वापरात होती. ईथर, रॉकेल व एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या डिझेल इंजिनाचा तो उग्र वास आणि बोटांना कित्येक दिवस चिकटून राहणारे ते एरंडेल ज्यांनी अनुभवले, त्यांना विजेच्या मोटरीचे आजचे निर्मळ युग काहीसे निर्जीव वाटावे, हे समजण्यासारखे आहे.

आज वऱ्हाडातील विद्यार्थी जे विमान बांधतो त्याचा साचा बहुधा ठरलेला असतो. बाल्सा हे दक्षिण अमेरिकेतील, विशेषतः इक्वेडोरमधील, अतिशय हलके लाकूड. ते परदेशातून येत असल्यामुळे महाग पडते, म्हणून त्याच्या जागी थर्माकोल, फोमशीट किंवा फलकवाल्यांकडे मिळणारा सनबोर्ड येतो. पंखाला बळकटी यावी म्हणून त्यात बांबूची कामटी अथवा कार्बनची नळी बसवितात. नाकाशी ‘ए २२१२’ जातीची ब्रशलेस मोटर, तिचा वेग नियंत्रित करणारा तीस अँपिअरचा ईएससी, तीन घटांची ११.१ व्होल्टची लिपो बॅटरी आणि झडपा हलविणारे नऊ ग्रॅमचे सर्व्हो, एवढी सामग्री कुरिअरने घरी येते. मोटरीवर ‘१००० केव्ही’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ भार नसताना दर व्होल्टमागे मिनिटाला हजार फेरे, अर्थात ११.१ व्होल्टवर अकरा हजारांवर. सर्व्होचे कार्य याहून मनोवेधक आहे. ट्रान्समीटरची आज्ञा झेलणाऱ्या रिसीव्हरकडून त्याला दर वीस मिलिसेकंदांनी एक स्पंद मिळतो. स्पंदाची लांबी दीड मिलिसेकंद असल्यास त्याची भुजा मध्यावर राहते, ती एककडे उतरली की एका बाजूस आणि दोनकडे चढली की दुसऱ्या बाजूस वळते. चालकाचा अंगठा आणि शे-दोनशे मीटरवरील शेपटीची झडप यांच्यामधला सगळा संवाद एका मिलिसेकंदाच्या या अवकाशात होत असतो.

विमान पूर्ण झाल्यावर ते उडविण्याची घाई होते, आणि नवशिक्यांची पुष्कळशी विमाने या घाईपायीच मोडतात. जाणता बांधणारा प्रथम गुरुत्वमध्य पाहतो. पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या सुमारे चतुर्थांश ते तीस शतांश अंतरावर दोन्ही बाजूंस खूण करून, त्या खुणांखाली तर्जनीची टोके देऊन तो विमान उचलतो. नाक किंचित खाली झुकले तर ठीक, शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवितो. नाकजड विमान आळसाने का होईना उडते. शेपूटजड विमान बहुधा एकदाच उडते. त्यानंतर मदतनिसाच्या हाती विमान देऊन, ट्रान्समीटर कमी शक्तीच्या चाचणीवर ठेवून, तो पावले मोजीत दूर जातो आणि प्रत्येक झडप आज्ञा मानते की नाही, उजवीकडची आज्ञा खरोखर उजवीकडेच वळविते की नाही, हे तपासतो. उलट जोडलेल्या एका सर्व्होने महिनाभराची मेहनत पाच सेकंदांत मातीस मिळू शकते.

वऱ्हाडात या छंदाची खरी परीक्षा हवा आणि जमीन घेतात. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटर उंचीवर असून मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दुपारी तेथील हवा, समुद्रसपाटीवरील १५ अंशांच्या हवेच्या मानाने, शेकडा बारा इतकी विरळ असते. त्यामुळे तेच विमान हवेत राहण्यासाठी शेकडा सहा-सात अधिक वेगाने जावे लागते, मोटरीचा पंखा कमी ओढतो, उतरण्यास अधिक धाव लागते, आणि पुस्तकात शोभणारा आराखडा अकोल्याजवळच्या शिवणीच्या माळावर जड ठरतो. त्यात लिपो बॅटरीला उष्णता मानवत नाही. उन्हात उभ्या मोटारीत विसरलेली बॅटरी फुगते आणि फुगलेली बॅटरी आगीस निमंत्रण देते. उघड्या काळ्या जमिनीवरून फाल्गुन-चैत्रात उष्ण प्रवाह असे जोरात चढतात की हलके ग्लायडर मोटरीविना वर जात राहते. अनुभवी उडविणारा अशा वेळी यंत्राकडे पाहण्याआधी आकाशात घार कोठे घिरट्या घालते आहे ते पाहतो, कारण पंख न हलविता ती जेथे चढते तेथेच प्रवाह असतो. वावटळ दिसली की मात्र त्याने विमान खाली घ्यावे.

उत्तम हवा कार्तिकापासून माघापर्यंतच्या सकाळी, ऊन वर येऊन वारा सुटण्यापूर्वी मिळते. परंतु नेमक्या या दिवसांत वावरे मोकळी नसतात: पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, उभी असते, तूर डोक्याएवढी वाढलेली असते, आणि पऱ्हाटीत शिरलेले विमान शोधताना पंखाचे तुकडे धुऱ्याधुऱ्याने गोळा करावे लागतात, शिवाय शेतमालकाची समजूत काढावी लागते ती वेगळीच. वावरे रिकामी होतात तोवर उन्हाळा आलेला असतो. हवा आणि जमीन यांची ही चुकामूक वऱ्हाडी छंदिष्टाच्या पाचवीलाच पुजलेली आहे. म्हणून तो शाळा-महाविद्यालयांची क्रीडांगणे आणि गावालगतच्या ई-क्लास (सरकारी गायरान) जमिनी यांचा आश्रय घेतो. तेथेही कृषिपंपांच्या विजेच्या तारा पाहून ठेवणे अगत्याचे; कंट्रोल लाइनच्या पोलादी तारा वीजवाहक तारांना लागणे हा या छंदातील प्राणघातक अपघात आहे. चिखलदऱ्याचे कडे वाऱ्यावर तरंगणाऱ्या ग्लायडरांसाठी निसर्गानेच घडविल्यासारखे दिसतात. परंतु तो मुलूख मेळघाटच्या वनांचा आहे आणि तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उडविण्याचा विचार करू नये.

रेडिओच्या वापरास पूर्वी परवाना लागे, आणि लहरींची अडचण त्याहून मोठी होती. २७, ३५, ४० किंवा ७२ मेगाहर्ट्झवरील जुन्या संचांत दोघांनी एकच लहर वापरली की त्यातील एकाचे तरी विमान निश्चित पडे. यास्तव मैदानावर एक फळी टांगलेली असे. तिच्यावर लहरींचे क्रमांक घातलेले चिमटे लावीत, आणि ज्याच्या खिशाला चिमटा त्यानेच ट्रान्समीटर सुरू करावा असा कडक नियम असे. भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांसाठी परवान्यातून मुक्त झाला, आणि याच सुमारास त्या पट्ट्यावर आपसांत न भिडणारे संचही आले. चिमट्याची प्रथा मग हळूहळू लयास गेली.

सध्या अंमल ड्रोन नियम, २०२१ चा आहे. शिक्षण, संशोधन, चाचणी अथवा करमणूक यांसाठी चालकाच्या दृष्टिटप्प्यात उडविले जाणारे २५ किलोग्रॅमपर्यंतचे साधन हे नियम ‘मॉडेल’ या सदरात घालतात आणि त्यास प्रकार-प्रमाणपत्राची अट लावीत नाहीत. हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या, क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांवर येते, आणि त्याहून जवळ आधी परवानगी घ्यावी लागते. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाल्यामुळे बडनेऱ्याकडील माळरानांवर उडविणाऱ्यांना हा हिशोब आता काटेकोरपणे करावा लागतो.

मोटारींचा प्रकार तुलनेने अर्वाचीन. इटलीच्या एल-जी कंपनीने १९६६ मध्ये फेरारीची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती बाजारात आणली. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ आणून विजेच्या मोटारींची लाट उसळविली. एक-अष्टमांश व एक-दशांश ही प्रचलित प्रमाणे होत. विदर्भातील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांत मुरुमाच्या आखाड्यावर या मोटारींच्या शर्यती लागतात. वऱ्हाडची रेगड जमीन त्यांना अनुकूल नाही: उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांत लहान चाक अख्खे जाते, आणि पावसाळ्यात तिचा चिखल दात्यांत बसून वाळला की तो सुईने खरवडून काढावा लागतो. सारवून घट्ट केलेले खळे मिळाले तर मात्र त्यासारखी धाव नाही. मोटारीत पडण्याचे भय नसल्यामुळे लहान मुलाने येथून आरंभ करावा. दुरून येणाऱ्या मोटारीचे डावे-उजवे चालकाच्या दृष्टीने उलटते, हा विमानातही छळणारा गोंधळ जमिनीवर स्वस्तात निस्तरता येतो.

चार पंख्यांच्या ड्रोनांनी अलीकडे या क्षेत्राचे स्वरूप पालटले आहे. ड्रोन आपला तोल स्वतः सांभाळतो, हात सोडला तरी जागी थांबतो. त्यामुळे तो चालविणारे वाढले आणि बांधणारे त्या मानाने वाढले नाहीत, ही गोष्ट या छंदाच्या दृष्टीने हानीची आहे. परंतु वऱ्हाडात ड्रोनचा प्रश्न छंदापुरता उरत नाही. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या पऱ्हाटीतून चालणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात जे विष जाते, ते टाळण्याचा एक मार्ग म्हणून फवारणीच्या ड्रोनकडे पाहिले जाते. केंद्र सरकारने १५,००० महिला बचतगटांना असे ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. वाऱ्याची दिशा ओळखणे, बॅटरी कोठवर उतरू द्यावी ते जाणणे, उडण्यापूर्वी प्रत्येक सांधा हाताने चाचपणे, हे सारे कसब एरोमॉडेलिंग करणाऱ्यास आधीच अंगवळणी पडलेले असते, आणि म्हणून गावोगावच्या शाळांत चक ग्लायडर पोहोचणे हे शेतीच्याही हिताचे आहे. फवारणीचा ड्रोन चालविण्यासाठी मात्र छंदाचा अनुभव पुरेसा धरला जात नाही. त्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात, दहावी उत्तीर्ण व्हावे लागते आणि नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या संस्थेतून प्रशिक्षण घेऊन दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते.