रॅम्बो : कादंबरीतला आणि पडद्यावरचा

कपाळाला पट्टी, उघडे पिळदार शरीर आणि हातात मशिनगन हे रॅम्बोचे रूप जगभरच्या प्रेक्षकांना परिचित आहे. अचाट शौर्याला प्रतिशब्द म्हणून ते नाव रूढ झाले. त्याच्या जनकाला मात्र युद्धाचा गौरव करायचा नव्हता.

मूळ कल्पना

कॅनडात जन्मलेले डेव्हिड मॉरेल हे अमेरिकेत साहित्याचे प्राध्यापक होते. १९६८ मध्ये दूरचित्रवाणीवर त्यांनी व्हिएतनाममधील चकमकी आणि पाठोपाठ अमेरिकी शहरांतील दंगलींची दृश्ये पाहिली. ते युद्ध मायदेशीच अवतरले तर काय होईल, या विचारातून त्यांची 'फर्स्ट ब्लड' ही कादंबरी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली. व्हिएतनामहून परतलेल्या तरुणाला केंटकीतील एका गावाचा पोलीसप्रमुख टीझल भटक्या समजून हुसकावतो आणि वैर पेटते. टीझल स्वतः कोरियन युद्धात लढलेला; त्याची बाजूही लेखकाने सहानुभूतीने मांडली आहे. हा रॅम्बो अनेकांचे प्राण घेतो. अखेरीस टीझल मरतो आणि रॅम्बोही. ज्या लष्कराने त्याला घडविले, त्याचाच अधिकारी ट्रॉटमन त्याला संपवतो.

पडद्यावरील बदल

टेड कॉचेफ दिग्दर्शित चित्रपट १९८२ मध्ये आला. सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी पटकथालेखनातही भाग घेतला आणि नायक अधिक सहानुभूतीस पात्र झाला. चित्रपटात एकच मृत्यू होतो, तोही हेतुपुरस्सर नव्हे. रॅम्बोच्या मृत्यूचा प्रसंग चित्रित झाला होता. परंतु चाचणी खेळातील प्रेक्षकांना तो रुचला नाही. त्यामुळे रॅम्बो रडत आपली व्यथा सांगतो आणि शरण जातो, असा शेवट कायम झाला.

नायक वाचला आणि मालिकेचा मार्ग मोकळा झाला. १९८५ च्या दुसऱ्या भागात तो युद्धकैद्यांना सोडविण्यासाठी व्हिएतनामला परततो. अमेरिकेने गमावलेले युद्ध जणू पडद्यावर जिंकले गेले. त्याच वर्षी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीही ओलीस प्रकरणाच्या संदर्भात रॅम्बोचा विनोदाने उल्लेख केला. १९८८ मध्ये तो अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांशी लढला. प्रत्यक्षात त्या फौजांची माघार त्याच महिन्यात सुरू झाली होती. २००८ मध्ये म्यानमार आणि २०१९ मध्ये मेक्सिकोतील गुन्हेगारी टोळ्या, असा हा प्रवास झाला.

लेखकाची भूमिका

दुसऱ्या व तिसऱ्या चित्रपटांची कादंबरीरूपे मॉरेल यांनीच लिहिली, हे विशेष. २००८ चा रॅम्बो त्यांना आपल्या पात्राच्या जवळचा वाटला. २०१९ च्या चित्रपटाबद्दल त्यांनी जाहीर नापसंती व्यक्त केली.

कादंबरीतील रॅम्बोचा मृत्यू हे केवळ कथानकातील वळण नव्हते. माणसाला मारण्यासाठी घडविले, तर त्याला पुन्हा सामान्य आयुष्य लाभत नाही, हे त्यातून सांगायचे होते. पडद्याने तो मृत्यू टाळला आणि युद्धाच्या बळीचा युद्धाचा नायक झाला.