पेडलची कुरकुर

हेडफोन चढवा. एमपीथ्री नको, फ्लॅक लावा. एमपीथ्री जागा वाचवण्यासाठी, कानाला कळणार नाही असं गृहीत धरून आवाजाचा काही भाग कायमचा टाकून देते. फ्लॅकची फाइलही लहान होते, पण तिच्यातून काहीच गळत नाही. लेड झेपलिन या रॉक बँडने जिथे ध्वनिमुद्रण केलं त्या खोल्यांत शिरायचं, तर सगळंच हवं.

१९६८. लंडनच्या बार्न्स भागातला ऑलिम्पिक स्टुडिओ. पहिला अल्बम जेमतेम ३६ तासांत पुरा होणार आहे, पैसे गिटारवादक जिमी पेज आणि मॅनेजर पीटर ग्रँट यांच्या पदरचे. पेज एक माइक अँपजवळ ठेवतो, दुसरा लांब. गिटारबरोबर खोलीही टेपवर उतरावी, हा त्याचा हट्ट.

१९७०, तिसरा अल्बम. ‘सिन्स आयव्ह बीन लव्हिंग यू’ संथपणे उलगडतंय. आवाज वाढवा. ठोक्यांच्या मधे काहीतरी कुरकुरतंय ना? ड्रमर जॉन बोनमच्या बास ड्रमचं पेडल आहे ते. तेलाचा थेंब मागणारं. कुणी पुसून टाकलं नाही, म्हणून त्याचा पाय तुम्हाला जवळजवळ दिसतोय.

आता हॅम्पशरमधलं हेडली ग्रेंज, एकेकाळचं गरिबांचं वर्कहाउस. दिवाणखान्यात थंडी आहे. बोनमचे ड्रम खाली, जिन्याच्या पायथ्याशी दालनात मांडलेत. इंजिनिअर अँडी जॉन्सने दोन माइक वर जिन्यात टांगलेत. ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’चा पहिला ठोका पडतो, भिंतींवर चढतो, छताला भिडून परततो. प्रत्येक ठोक्यामागचं हे शेपूट ऐका. जिन्याची उंची त्यातच आहे.

१९७२. मुंबई. पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट इथल्या वादकांसोबत ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ पुन्हा बांधतायत. तबला आणि तंतुवाद्यं त्या चालींना वेगळाच झोका देतात. हे ध्वनिमुद्रण अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ उजाडलं. ‘कोडा’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत ते आहे. शोधून ऐकाच.

१९७८, स्टॉकहोमचा पोलर स्टुडिओ. जॉन पॉल जोन्सचे कीबोर्ड पुढे सरकलेत, आवाज चकाकतोय. यानंतर मात्र पुढे जायला खोलीच नाही. २५ सप्टेंबर १९८० रोजी बोनम गेला, वयाच्या ३२व्या वर्षी. उरलेल्या तिघांनी डिसेंबरमध्ये बँड थांबवला. तुम्ही आता त्याचा पाय ओळखता. त्यांनी त्या जागी दुसरा ड्रमर का बसवला नाही, हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.