पाटी नसलेला लेथ : किर्लोस्करांचा की कूपरांचा?

१/ सातारा-सांगली परिसरातील एखाद्या जुन्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात पट्ट्यावर चालणारा लेथ उभा असतो. त्याची पितळी पाटी केव्हाच मोडीत गेलेली. उरतात ती रिव्हेटची भोके. कोणाचा, असे विचारले की उत्तर ठरलेले : ‘किर्लोस्करांचा.’ या उत्तरावर लगेच विसंबू नये.

२/ पुणे-मिरज रेल्वेमार्गावर कारखाने दोन होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये सातारा रोडला कारखाना काढला. दोघेही लोखंडी नांगरांचे निर्माते आणि एकमेकांचे स्पर्धक. पुढे यंत्रे घडवणारी यंत्रेही दोघांनी केली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.) १९४० च्या सुमारास कूपरांचा कारखाना वालचंद समूहात गेला. किर्लोस्करांचे लेथ मात्र १९४१ नंतर म्हैसूर संस्थानातील हरिहरला होऊ लागले. म्हणजे ‘किर्लोस्कर’ म्हटले, तरी ‘कोणत्या गावचा?’ हा प्रश्न उरतोच.

३/ घाट इंग्रजी दिसतो म्हणून यंत्र इंग्रजी ठरत नाही. दुसऱ्या महायुद्धात आयात दुर्मीळ झाली, तेव्हा विलायती यंत्र समोर ठेवून इकडे नकला झाल्या.

४/ नक्कल ओळखण्याची एक खूण मात्र ओतकामातच दडलेली असते. बीड थंड होताना आकसते : फुटामागे सुमारे एक सूत, म्हणजे १/८ इंच. मूळ यंत्राचा भागच साचा म्हणून वाळूत दाबला, तर ओतलेली प्रत तेवढी लहान निघते. दोन फुटी पाय दोन सुतांनी आखूड भरतो. मोजमाप रंधा न लागलेल्या, खडबडीत भागाचे घ्यावे. घासलेले पृष्ठभाग काहीच सांगत नाहीत. हुशार साचेकार आकुंचन धरून साचा मोठा करी. त्यामुळे मापे जुळली तर काहीच सिद्ध होत नाही, कमी भरली तर बरेच होते.

५/ बाकीच्या खुणा कमी बोलक्या. इंची आटे पाहून वय ठरवू नये. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा असला, तरी इंची लेथ त्यानंतरही होत राहिले. पाटी सापडलीच, तर नाव निर्मात्याचे की विक्रेत्याचे, हे पाहावे. बेडच्या आतल्या बाजूचे आणि झाकणांच्या पाठीचे ओतीव आकडे रंगाचे थर खरवडूनच वाचता येतात, आणि तेच सर्वांत विश्वासू साक्षीदार.

६/ कागद मिळाला, तर पत्ता नीट वाचा. ऑगस्ट १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. किर्लोस्करवाडी त्यात आली. कूपरांचा सातारा रोड कोरेगाव तालुक्यात, उत्तरेकडेच राहिला. तेव्हा पावतीवर ‘दक्षिण सातारा’ छापले असेल, तर ती त्या अकरा वर्षांतली आणि बहुधा कूपरांची नव्हे.