पावसाचे पाणी आणि परदेशचे मासे

इगतपुरीकराला पावसाचे कौतुक कोणी सांगायला नको. वर्षाकाठी शंभर इंचांवर पडतो. भिंतींना ओल येते, धोतरे वाळत नाहीत. पण काचेच्या टाकीत मासे पाळण्याचा जो छंद आहे, त्याच्या इतिहासात या पाण्याचे मोल मोठे आहे.

१९५१ साली मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि रंगीत मासे म्हणजे काय, ते सामान्य माणसाला बघायला मिळाले. अमेरिकेत हा छंद त्याआधीच भरात होता. १९३६ साली जॉर्ज मायर्स या शास्त्रज्ञाने अमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्राला शास्त्रीय नाव दिले. मासा जेमतेम दीड इंचाचा, अंगावर निळी चकाकती रेघ. पुढे व्हेनेझुएलात मानुएल रामिरेझ यांना एक बुटका सिक्लिड मिळाला. १९४८ साली मायर्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याला रामिरेझ यांचेच नाव दिले. सिक्लिड हे कूळ आपल्याला अगदीच परके नाही बरं का! कोकण-गोव्याच्या खाडीतला काळुंदर त्यातलाच.

हे मासे टाकीत जगत, पण निऑनची वीण काही केल्या होईना. अडत होते ते पाण्यापाशी. त्याच्या मूळच्या ओढ्यांत क्षार नावालाच, आणि कुजल्या पाचोळ्याने पाणी चहासारखे तांबूस. विहिरीच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही ना? तशीच ही अंडीही त्यात धरत नाहीत. हलके पाणी दिले तेव्हा पिले निघाली.

इगतपुरीला असे पाणी आभाळातूनच येते. पहिले चार पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्यावेत, मग पाणी धरावे. नव्या सिमेंटच्या हौदात मात्र नको, चुना उतरतो. रामिरेझला २८ अंश सेल्सिअसची ऊब लागते, म्हणजे इथल्या थंडीत हीटर आलाच. ती ऊब निऑनला फार काळ मानवत नाही. जोडीला १९५६ साली नाव मिळालेला कार्डिनल टेट्रा बरा.

रामिरेझची जोडी सपाट दगड साफ करून त्यावर अंडी घालते आणि दोघे मिळून राखण करतात. दिवसा टेट्रा जवळ आला की हुसकावतात. रात्री मात्र तोच पिले गट्ट करतो. पिले हवीत तर जोडीला वेगळी टाकी द्यावी.

याच कुळातला तिलापिया १९५२ साली खाण्यासाठी भारतात आणला, आणि तो तळ्यांतून, धरणांतून पसरला. टाकीतले मासे नकोसे झाले तर दारणेत सोडू नका. जवळच्या शाळेला द्या.