माळ्यावरची दप्तरे

वडीलधारी माणसे गेली, की दिवसकार्य उरकल्यावर घर आवरण्याचे काम बहुधा आपणां भगिनींच्याच वाट्यास येते. भांडी वाटली जातात, लुगडी कोणास दिली जातात. माळ्यावरची मोडी दप्तरे मात्र वाचता येत नाहीत म्हणून रद्दीत जातात.

अशीच दप्तरे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून, घरोघर विनवण्या करून मिळविली. १८९८ साली त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पानिपतापर्यंतच्या काळातील पत्रे त्यामुळे आपल्या हाती आली.

जी गोष्ट कागदांची, तीच वस्तूंची. दिनकर केळकरांनी जुने दिवे, अडकित्ते, वज्र्या जमवून पुण्यात दिवंगत मुलगा राजा याच्या नावे संग्रहालय उभे केले. बायकांच्या रोजच्या हाताळणीतल्या वस्तूंना तेथे मानाची जागा मिळाली.

सासूबाईंच्या मागे घर आवरताना मीही एक दप्तर न उघडता रद्दीवाल्यास दिले. त्यात काय होते, हे आता कधीच कळणार नाही. म्हणून विनंती, की प्रत्येक बोचके सोडून पाहावे, मोडी जाणणाऱ्यास दाखवावे आणि वस्तू कोणाची, कोठून आली, हे चिठ्ठीवर लिहून ठेवावे.