तारेपासून चुंबकापर्यंत

१८९०च्या दशकाच्या आरंभी हान्स बर्गर नावाचा एक जर्मन तरुण लष्करी शिक्षण घेत असता घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली चिरडता चिरडता वाचला. त्याच संध्याकाळी खुशाली विचारणारी वडिलांची तार आली. दूर घरी बहिणीच्या जिवाला अचानक घोर लागला होता! एका मेंदूतली भीती दुसऱ्यापर्यंत पोचली कशी, या कोड्याने बर्गरला जन्मभर पछाडले.

प्राण्यांच्या मेंदूत वीज असते, हे लिव्हरपूलच्या रिचर्ड केटनने १८७५ मध्येच दाखविले होते. बर्गरने १९२४ मध्ये येना येथे माणसाच्या मेंदूतील वीज टिपली. पण स्वतःचाच विश्वास बसेना. पाच वर्षे तो पडताळा पाहत राहिला आणि १९२९ मध्ये त्याने निबंध छापला. डोळे मिटून स्वस्थ बसले की सेकंदाला सुमारे दहा लहरी उठतात. डोळे उघडताच त्या विरतात. पुष्कळांनी शंका घेतली. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून दाखविला, तेव्हा कुठे जगाला पटले.

पण या विजेला कवटी आडवी येते. हाड नि कातडे ओलांडताना ती फाकते. जाड पडद्याआडचा दिवा पाहावा तसे होते. उजेड दिसतो, ज्योत नेमकी कुठे ते उमगत नाही. चुंबकत्वाला हा अडसर जवळजवळ नाही. वाहत्या विजेभोवती चुंबकत्व असते, हे ऑर्स्टेडने १८२० मध्ये दाखविलेच होते. मात्र मेंदूचे चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाहून दहा कोटींपेक्षा अधिक पटींनी दुबळे! अमेरिकेत डेव्हिड कोहेनने १९६८ मध्ये ते तारेच्या वेटोळ्याने पकडले, तेही थोरल्या भावाचे, म्हणजे विद्युत्-आलेखाचे, बोट धरून. लहर केव्हा उठली ते आलेखाने सांगावे, तेव्हा चुंबकाने ती गर्दीतून निवडावी! १९७२ पर्यंत द्रवरूप हेलियमने उणे २६९ अंशांपर्यंत थंड केलेले यंत्र त्याला लाभले आणि ते बोट सुटले.

मग धाकटा श्रेष्ठ काय? तसे नाही. मेंदूच्या घड्यांच्या भिंतींतले प्रवाह चुंबकाला छान उमगतात. पण कवटीकडे सरळ रोखलेले प्रवाह त्याला जवळजवळ दिसतच नाहीत, ते विजेला दिसतात. शिवाय चुंबकाचा संसार फार खर्चिक. दोघे भाऊ एकत्र नांदावेत, हेच बरे.

बर्गरने १९४१ मध्ये नैराश्याच्या भरात स्वतःच जीवनयात्रा संपविली. बहिणीच्या तारेचे कोडे त्याला सुटले नाही. वीतभर अंतरावरच हरवणाऱ्या या लहरी गावे ओलांडून तिच्यापाशी गेल्या नसणार, एवढे आता कळते. मात्र त्या तारेने लावलेल्या ध्यासातून जन्मलेले यंत्र आज अपस्माराने पिडलेल्या मुलांच्या डोक्याशी ठेवलेले असते, आणि आईबापांना दुखण्याचे नाव तरी समजते.